बाईंचं टेबल आणि शेवटची जागा

आमच्या विभागप्रमुखांनी मला बायबल समजावून सांगितलं, त्याला काही वर्षं झाली, पण माझा राग काही उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

बायबल मी शिकवते. नागपुरात, विद्यापीठाच्या मराठी विभागात, एम.ए.च्या मुलांना. 'बायबल आणि मराठी साहित्य' नावाचा एक ऐच्छिक पेपर आहे, तो माझ्याकडे आहे. मी ख्रिस्ती नाही. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढले, आणि प्रताप नगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आजही महादेवाचा फोटो आहे. हे मला दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं, कारण दर वर्षी कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, तुम्ही धर्म बदलला का?" शेजारच्या इमारतीत एक सर ग्रीक नाटकं शिकवतात. तुम्ही ग्रीसला कधी गेला होता, एवढंसुद्धा त्यांना कुणी विचारत नाही.

हा पेपर सुरू केला तो बाईंनी. बाई ख्रिस्ती होत्या, आमच्याच विभागात आयुष्यभर शिकवत होत्या, आणि मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांना वर्गात बसून बायबल वाचणं मान्य नव्हतं. फळ्याकडे तोंड करून बसलेली मुलं एकमेकांचे चेहरे कसे पाहणार, असं त्या म्हणत. म्हणून विभागाच्या व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी, त्यांनी एक टेबल मांडलं होतं. लांबलचक, सागवानी. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून त्यांनी ते स्वतः निवडून, सायकल रिक्षावर लादून आणलेलं. एक कोपरा काळा पडला होता, कारण बाई तिथे शेगडी ठेवून चहा करत. विद्यापीठाच्या आत आलेली वस्तू विद्यापीठाची, या न्यायाने कुणीतरी त्याच्या पायावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकून ते डेड स्टॉकच्या नोंदवहीत जमा केलं. बाई हसल्या. "टाकू दे गं, टेबल त्यामुळे लहान होत नाही."

त्या टेबलाची एक रीत होती. जो सगळ्यात उशिरा येईल त्याला बाईंच्या शेजारची खुर्ची. आता उशिरा कोण येतं? बसने येणारी खेड्यातली मुलं. पहिल्या दिवशी मी पारशिवनीच्या बसमधून उतरून धावत आले आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिले, कारण सगळ्या खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या. बाईंनी वाचणं थांबवलं, शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "ये, ही तुझीच आहे." ती खुर्ची त्या रोज पर्स ठेवून अडवून धरत, हे मला नंतर कळलं.

वाचून झालं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोण कुठे आहे?" अर्थ नंतर, तात्पर्य तर त्याच्याही नंतर, आणि सांगितलं नाही तरी चालेल. आधी कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण दाराबाहेर आहे ते सांगा. एका राजाला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा असतो, ती गोष्ट आली. राजा कुठे आहे? पलंगावर, तोंड फिरवून रुसलाय. शेजारी कुठे आहे? आपल्या वावरात. मग दोघांपैकी कोण जिवानिशी जाणार ते कुणाला सांगावंच लागलं नाही. परक्या नदीच्या काठी बसवलेल्या लोकांचं गाणं आलं. त्यांना पकडून नेणारे त्यांनाच म्हणतात, तुमच्याकडची गाणी म्हणून दाखवा. मला एकदम रडू फुटलं. माझ्या आजोळचं गाव धरणाखाली गेलंय, आणि माझे मामा नव्या वस्तीतसुद्धा कुणाला पत्ता सांगताना पाण्याखालच्या शेतांची नावं घेतात. कुणीही गाऊन दाखवा म्हटलं नव्हतं, एवढाच फरक. हे पुस्तक आपल्या ओळखीचं आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि तिथून मी त्याला सोडलं नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. पेपर आणि टेबल माझ्या हवाली करून गेल्या. पेपर देणं त्यांच्या हातात पूर्णपणे नव्हतं म्हणा, कारण मी तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घ्यायचा, सही करायची आणि चालू लागायचं. दर वर्षी नवी मुलाखत, दर वर्षी नवी नेमणूक. स्टाफरूममध्ये खुर्च्या आहेत, पण प्रत्येक खुर्चीला मालक आहे. रिकामी दिसली म्हणून बसलं, की कुणीतरी अगदी गोड आवाजात सांगतं, "मॅडम, ती सरांची आहे." सर रजेवर असोत की परदेशात, खुर्चीच्या पाठीला त्यांचा टॉवेल लावलेला असतो. माणूस नसला तरी टॉवेलला मान आहे. मला मात्र याचं फारसं काही वाटत नसे, कारण माझ्याकडे बाईंचं टेबल होतं.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आले तर व्हरांड्याचा कोपरा रिकामा.

मी प्रमुखांच्या खोलीत गेले. तिथे दोघे-तिघे प्राध्यापक चहा घेत बसले होते. प्रमुख म्हणाले, "ते टेबल? अहो, किती जुनं झालं होतं. निर्लेखित केलं." निर्लेखित हा सरकारी शब्द. वस्तू कामातून गेली, मोडीत काढली, नोंदीतून खोडली, असा त्याचा अर्थ. बाईंच्या हाताचा चहा प्यायलेला हा माणूस त्या टेबलाबद्दल असं बोलत होता. मी म्हटलं, मग दुसरं द्या, मुलं वाचायला कुठे बसणार? त्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि छान हसले.

"मॅडम, तुम्ही तर बायबल शिकवता. त्यातच आहे ना, मेजवानीला गेलं की पुढची जागा धरू नये, शेवटच्या जागेवर जाऊन बसावं? मुलांना नम्रता शिकवायची आणि आपण टेबल मागायचं, हे कसं काय?"

चहा पिणारे हसले. एकाने "वा, सर!" म्हटलं. मला राग आला की बोलता येत नाही. मी तशीच बाहेर आले. बाईंनी मला ज्या पुस्तकाच्या जोरावर बसायला शिकवलं, त्याच पुस्तकाचा दाखला देऊन या माणसाने मला उठवलं होतं, आणि तेही हसत हसत.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. आम्ही कॅन्टीनमध्ये वाचलं, तिथे कुकरच्या शिट्ट्या. जिन्यावर वाचलं, तिथे येणारे-जाणारे पाय. दोन तासांच्या मधला वेळ मी पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर काढू लागले. मार्च लागला की नागपुरात ती सीट तव्यासारखी तापते. मुलं गळायला लागली. त्यांची चूक नाही. बसायला ठिकाण नाही तो पेपर कोण घेईल? आणि मुलं कमी झाली की ऐच्छिक पेपर बंद होतो, हे प्रमुखांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. टेबल नाही म्हणून मुलं नाहीत, मुलं नाहीत म्हणून पेपर नाही, पेपर नाही म्हणून मी नाही. तोंडाने 'जा' न म्हणता माणूस घालवायचा हा किती सभ्य मार्ग आहे.

मग तपासणी समिती येणार असं ठरलं. विद्यापीठात समिती येणार म्हटलं की लग्नघरासारखी गडबड उडते. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, कधी न उघडणारी कपाटं उघडली. आदल्या संध्याकाळी मी विभागात गेले तर व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी, टेबल.

मी जवळ गेले. कोपरा काळा. पायावर पांढऱ्या रंगातला तो क्रमांक. मोडीत निघालेलं, नोंदीतून खोडलेलं बाईंचं टेबल पॉलिश होऊन परत आलं होतं. वर माझ्या नावाची पाटी, मराठीत आणि इंग्रजीत. मी त्या काळ्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला आनंद होण्याच्या आधी संताप आला.

प्रमुख मागून आले. "बघा, तुमची सोय केली की नाही?"

"हे कुठे होतं, सर?"

"स्टोअरमध्ये." लाज म्हणून चेहऱ्यावर काही नाही. "उद्या इथेच बसा. समितीसमोर तुमचा वाचनाचा प्रकार दाखवा. छान वाटतं ते."

"आणि उद्यानंतर?"

"ते नंतर पाहू."

रात्रभर मी जागीच होते, म्हणून कोणता अध्याय घ्यायचा हे सकाळी ठरवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं टेबलाभोवती बसली. समितीच्या अध्यक्ष, बाहेरच्या एका विद्यापीठातल्या वयस्क प्राध्यापक, एका कडेला बसल्या. प्रमुख त्यांच्या मागे हात बांधून उभे. सावनेरकडून बसने येणारी एक मुलगी धापा टाकत आली आणि खांबापाशीच थबकली. मी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. ती येऊन बसली, आणि तिलाच मी वाचायला सांगितलं.

मेजवानीची गोष्ट. तो एका बड्या माणसाच्या घरी जेवायला गेलेला असतो. बाई त्याला प्रभू म्हणत, मी नुसतं 'तो' म्हणते. आलेले पाहुणे मानाच्या जागा पटापट धरताहेत, हे तो पाहतो आणि त्यांना सांगतो की शेवटच्या जागेवर बसा, म्हणजे ज्याने बोलावलं तो येऊन तुम्हाला वर बसवेल.

"कोण कुठे आहे?" मी विचारलं.

ती सावनेरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा सोता बी पाहुणाच हाय ना? जेवाले आला हाय. म्हणजे पाहुणा पाहुण्यायले सांगून राहिला."

"बरं, मग?"

"मंग ज्यानं जेवाले बलावलं तो घरवाला कुठं हाय? त्यानं तर काहीच नाही म्हटलं. आमच्याकडं घरवाल्यानं कोणाले मागं बस म्हटलं, तर लोकं पंगतीतून उठून जाईन."

दुसरा एक मुलगा पुढच्या ओळींवर बोट ठेवून बसला होता. "मॅडम, घरवाल्याले बी सांगतलं ना. हे पाहा, पुढं हाय. दोस्त अन् पैसेवाले बलावू नोको म्हणते, ज्याले कोणी बलावत नाही त्याले बलाव म्हणते."

मी प्रमुखांकडे पाहिलं नाही. गरज नव्हती. मला माझे वडील आठवत होते. गावात कुणाच्याही घरी लग्न असलं की पंगतीत फिरायचं काम त्यांच्याकडे. ते वाढत नसत. कोण उभं राहिलंय, कोण लाजून खांबामागे थांबलंय, एवढंच ते पाहत, आणि त्याच्या हाताला धरून त्याला पानावर नेऊन बसवत. लग्नघरचा यजमान तर सगळ्यात शेवटच्या पंगतीला जेवतो, तोवर त्याच्या पोटात चहाशिवाय काही नसतं. शेवटची जागा ही आमच्याकडे यजमानाची जागा आहे. हे ज्याला कळत नाही त्याने मला ती गोष्ट ऐकवावी?

तास संपल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही रोज इथेच बसता का?"

"हो, हो," प्रमुख म्हणाले, "हे त्यांचंच टेबल."

"नाही," मी म्हटलं. "हे काल संध्याकाळी आलं. मला ते मोडीत काढलं असं सांगितलं होतं. गेलं वर्षभर आम्ही जिन्यावर वाचतोय."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, प्रमुखांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वर्ग छान झाला," असं म्हणून त्या उठल्या. जेवणाची वेळ झाली होती. मला काय वाटलं होतं कोण जाणे. कुणीतरी काहीतरी विचारेल असं वाटलं होतं. सगळे हॉलकडे गेले. तिथे खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसांना जेवायचं निमंत्रण नव्हतं. वडाभाताचा आणि कोथिंबिरीच्या सांबारवडीचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. मुलं माझ्याभोवती तशीच बसून राहिली, एकही हललं नाही.

बऱ्याच वेळाने प्रमुख हात पुसत आले. आवाजात मध. "मॅडम, तुम्ही जेवल्याच नाही? जा, जेवून घ्या. मुलांनाही न्या. आता हॉलमध्ये जागा झाली आहे."

त्यांच्या मागे दोन शिपाई उभे होते. एकाच्या हातात दोरी, आणि जिन्यापाशी हातगाडी. समितीची गाडी फाटकाबाहेर गेली असेल-नसेल. मी उरलेला भात खायला उठायचं आणि तेवढ्यात टेबल स्टोअरमध्ये जायचं, असा बेत होता. मला वर बसायचं बोलावणं आलं ते असं.

मी सावनेरच्या मुलीला म्हटलं, "तुझा डबा काढ."

ती गोंधळली, पण तिने डबा काढला. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मुलांना काय ते कळलं. एकेक करून सगळ्यांच्या पिशव्यांतून डबे निघाले, झाकणं निघाली, आणि त्या पॉलिश केलेल्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगत मांडली गेली. माझ्या नावाच्या पाटीवर कुणीतरी लोणचं ठेवलं.

"उचला रे," प्रमुख म्हणाले.

मोठा शिपाई जागचा हलला नाही. "साहेब, पोरं जेवून राहिले."

"अरे, मग त्यांना बाजूला बसायला सांग."

"भरल्या पानावरून कसं उठवू जी?" तो म्हणाला, आणि आमच्याकडे वळून, "जेवून घ्या मॅडम. घाई नाही. मंग नेतो."

प्रमुख स्वतःही विदर्भातल्याच कुठल्याशा गावचे आहेत. टेबल मोडीत निघालं असं तोंडावर खोटं सांगणाऱ्या त्या माणसाची जीभ 'उठा' म्हणायला मात्र वळेना. आमच्याकडे वैऱ्यालाही जेवता जेवता उठवत नाहीत. वर्षभर न निघालेलं उत्तर तेव्हा कुठे माझ्या तोंडून सुटलं.

"सर, शेवटच्या जागेवर बसा हे पाहुण्यांना सांगितलंय. तुम्ही यजमान आहात. तुमच्यासाठीचं त्याच्या पुढे आहे. ते तुम्ही वाचलेलं नाही."

ते वळले आणि गेले. आम्ही जेवत राहिलो. इतकं सावकाश मी जन्मात जेवले नसेन. एकाने खाली जाऊन तर्री पोहे आणले, दुसऱ्याने संत्री आणली, संत्री सोलायलाही वेळ लागतो. शिपायांना आम्ही बसवून घेतलं, त्यांनीही दोन घास खाल्ले. त्यांची सुट्टीची वेळ झाली तेव्हा मोठ्या शिपायाने दोरी गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, "अजून जेवूनच राहिले तुम्ही. आता उद्या पाहू."

तो उद्या अजून आलेला नाही, कारण त्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा डबा उघडा असतो. सकाळी माझा, मग बसने येणाऱ्यांचा, दुपारी सगळ्यांचा. मुलं परत आली. पेपर या वर्षीही चालू आहे.

मी जिंकले असं कुणी म्हणू नये. मला त्याची चीड येते. जिथे माणसांना पदव्या वाटतात, तिथे एक टेबल राखायला मला भाकरीचा आडोसा घ्यावा लागतो. रजेवरच्या टॉवेलला जे आपोआप मिळतं त्यासाठी मी रोज वांग्याची भाजी पुढ्यात घेऊन बसते. माझी नेमणूक अजूनही दर वर्षीची आहे, आणि पुढच्या मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे कोण बसणार आहे हे मला ठाऊक आहे.

प्रमुखांची खोली आमच्या समोरच आहे. आताशा ते दार लावून घेतात. म्हणून दर वर्षी पहिल्या तासाला मी तोच मेजवानीचा अध्याय काढते आणि जो उशिरा आला असेल त्याला मोठ्याने वाचायला सांगते. वाचून झालं की विचारते, कोण कुठे आहे? मुलं त्या बंद दाराकडे पाहतात. घरवाला आत हाय, मॅडम, असं कुणीतरी म्हणतं, आणि मी सांगते, मग आवाज चढव आणि पुढचं वाच.